आठव्या इनिंगचा माणूस

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छापताना बोलण्याची लकब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



यंदाचं पुष्प खेळावर गुंफा, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात क्रिकेट असणार, निदान कबड्डी तरी. मी बेसबॉल म्हटल्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. ‘फक्त लोकांना कळेल असं बोला,’ एवढी एकच अट घातली. ती पाळायचा प्रयत्न करतो.

मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याचं नाव ऑक्टाव्हिओ डोटेल. डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो, तिथे १९७३ साली जन्मलेला. उजव्या हाताचा पिचर. १९९९ ते २०१३ या पंधरा वर्षांत तो अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये ७५८ सामन्यांत उतरला. मेजर लीगमध्ये संघ आहेत ३०, त्यांतल्या १३ संघांचा गणवेश याने अंगावर चढवला. २०१२ साली तो विक्रम ठरला, आणि डोटेलचं नाव निघालं की आजही लोक तेवढंच सांगतात. त्या ७५८ सामन्यांतले बहुतेक असे, की पहिला चेंडू पडला तेव्हा हे गृहस्थ कुंपणाजवळच्या बुलपेनमध्ये बाकावर बसलेले होते.

तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळला असेल, म्हणजे निम्मं काम झालं. नऊ इनिंग, दर इनिंगला तीन आउट, तीन स्ट्राइक पडले की बॅटर घरी. एक फरक मात्र नीट लक्षात घ्या. क्रिकेटमधला गोलंदाज षटक टाकून सीमारेषेवर जातो आणि नंतर पुन्हा चेंडू हातात घेतो. बेसबॉलमध्ये पिचरला मैदानातून काढला की त्या सामन्यापुरता तो संपला. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा इनिंग टाकतो, दमतो, मार खायला लागतो. मग मॅनेजर डगआउटमधून चालत येतो, हात पुढे करतो आणि चेंडू काढून घेतो. बुलपेनचं दार उघडतं आणि रिलीफ पिचर धावत येतो.

येणाऱ्याला सरावाचे मोजकेच चेंडू मिळतात. बेसवर दोघे जण उभे असतात. त्यांना याने तिथे पोहोचवलेलं नसतं, पण परतवायचं यानेच. आता गंमत बघा. ते दोघे धाव काढून गेले, तर त्या धावा नियमाने आधीच्या पिचरच्या खात्यावर चढतात. दुसऱ्याचं कर्ज याने फेडायचं, आणि बुडवलं तरी पत दुसऱ्याचीच जाणार. उलटंही तितकंच खरं. हा बेसवर माणसं ठेवून गेला, तर याचा हिशेब मागून येणाऱ्याच्या हातात. शिवाय कितीदा तर बुलपेनचा फोन वाजतो, हा उठतो, जीव तोडून पंचवीस-तीस चेंडू टाकतो आणि तेवढ्यात धोका टळतो. मग पुन्हा बाकावर. खांद्याची झीज झालेली असते, स्कोअरकार्डावर मात्र त्याचं नावही नसतं.

तेरा संघ हा प्रश्नमंजूषेचा आकडा झाला. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की या माणसाचं काम मोजायला खेळाकडे धड मापच नव्हतं. जी मापं होती त्यांनी कधी त्याला उगाच फुगवलं, कधी विनाकारण बुडवलं. आणि त्याच मापांवर त्याचे भाव ठरले, त्याचे सौदे झाले, त्याची घरं बदलली.

मापाची कुळकथा सांगतो. १९५९ साली पिट्सबर्गचा एलरॉय फेस नावाचा रिलीफ पिचर १८ सामने जिंकला आणि एकच हरला. लोकांनी डोक्यावर घेतलं. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम हॉल्टझमन यांना मात्र ते खटकलं. त्यांनी सामने तपासले तर काय, फेस आघाडी असताना यायचा, ती घालवायचा, नंतर त्याचेच फलंदाज धावा काढायचे आणि विजय जमा व्हायचा फेसच्या नावावर. असं एकदा-दोनदा नव्हे, बऱ्याचदा झालेलं. म्हणून हॉल्टझमन यांनी ‘सेव्ह’ हे माप काढलं: थोडक्या आघाडीवर येऊन शेवटपर्यंत ती टिकवणाऱ्याला एक सेव्ह. १९६९ पासून ते अधिकृत झालं. हेतू चांगला होता. पण पुढे मॅनेजर मापासाठी माणसं हलवू लागले. सगळ्यांत चांगला रिलीफ पिचर नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायचा, त्याला ‘क्लोजर’ म्हणायचं, आणि सातव्या-आठव्या इनिंगला घर पेटलं तरी त्याला उठवायचं नाही! या प्रथेवर मी पूर्वीही लिहिलंय, पुन्हा चिडत नाही.

डोटेलचा पहिला मोठा सामना १७ ऑक्टोबर १९९९ चा. १९९३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सने त्याला करारबद्ध केलं होतं. सहा वर्षं खालच्या लीगमध्ये घासून तो त्याच उन्हाळ्यात वर आला होता. समोर अटलांटा, नॅशनल लीगच्या अजिंक्यपदाच्या मालिकेतला पाचवा सामना, शे स्टेडियम, पाऊस. नऊ इनिंगमध्ये निकाल लागेना. मेट्सच्या बुलपेनमध्ये माणसं संपत आली आणि तेराव्या इनिंगला या नवख्याच्या हातात चेंडू आला. पंधराव्या इनिंगला त्याने एक धाव दिली, मेट्स ३-२ असे मागे पडले. मग मेट्सनी बरोबरी साधली, आणि भरलेल्या बेसवर रॉबिन व्हेंचुराने चेंडू कुंपणापार टाकला. नियमाने त्याच्या चार धावा व्हायला हव्या होत्या. पण व्हेंचुरा पहिल्या बेसच्या जरा पुढे पोहोचतो तोच सहकाऱ्यांनी त्याला उचलून धरलं. तो दुसऱ्या बेसपर्यंत गेलाच नाही. म्हणून तो फटका नोंदवला गेला साधा सिंगल, आणि धाव मोजली गेली एक. पाच तास शेहेचाळीस मिनिटांनी सामना संपला, मेट्स ४-३. विजेता पिचर कोण? आघाडी देऊन बसलेला ऑक्टाव्हिओ डोटेल. एलरॉय फेसची आठवण झाली ना?

दोन महिन्यांनी मेट्सनी त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. त्यांना माइक हॅम्पटन हा नावाजलेला पिचर हवा होता आणि या सौद्यात डोटेल नाण्यासारखा वापरला गेला. ह्यूस्टनमध्ये आधी त्याला सुरुवातीचा पिचर केला, मग क्लोजर बिली वॅगनर जखमी झाल्यावर त्याच्या जागी बसवला. एकाच हंगामात याचे १६ सामने सुरुवातीचे आणि १६ सेव्ह. आज ही कामं दोन वेगळ्या जातींच्या पिचरांची समजली जातात.

आणि मग २००२. वॅगनर परतला होता, त्यामुळे नववी इनिंग त्याची, आठवी डोटेलची. १६२ सामन्यांच्या हंगामात डोटेल ८३ सामन्यांत उतरला, ९७ इनिंगहून अधिक टाकल्या, ११८ बॅटरना स्ट्राइकआउट केलं. नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.८५. बेसबॉलमध्ये दोनच्या खालचा हा आकडा म्हणजे टोपी काढून उभं राहावं असा. त्याची सगळी भिस्त उंच टाकलेल्या फास्टबॉलवर होती. बॅटरला वाटायचं चेंडू आवाक्यात आला, तो बॅट फिरवायचा आणि बॅट चेंडूखालून निघून जायची. हे पुन्हा पुन्हा, एकच चेंडू, लपवाछपवी नाही. आणि या वर्षाचे सेव्ह किती? सहा. आठव्या इनिंगच्या कामाला वजनदार माप नव्हतं, म्हणून माझ्या मते त्याचा सर्वांत चांगला हंगाम कुणाच्या लक्षातही नाही.

पुढच्या वर्षीचा एक सामना मात्र लक्षात राहिला. ११ जून २००३, यांकी स्टेडियम. ह्यूस्टनचा सुरुवातीचा पिचर रॉय ओस्वाल्ट एक इनिंग टाकून जांघेच्या दुखण्याने बाहेर गेला. उरलेल्या आठ इनिंग बुलपेनने वाटून घ्यायच्या. पीट मन्रो, कर्क सारलूस, ब्रॅड लिज, डोटेल, वॅगनर. सहा पिचरांनी मिळून यांकीजना अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही. १९५८ नंतर यांकीजवर ही वेळ आली नव्हती. आठव्या इनिंगला डोटेलने चार बॅटर स्ट्राइकआउट केले. तुम्ही म्हणाल, इनिंगला आउट तीन, मग स्ट्राइकआउट चार कसे? तिसरा स्ट्राइक पडला, पण चेंडू कॅचरच्या हातून निसटला तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची मुभा असते. तो पोहोचला तर आउट नाही, पण पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट जमा. म्हणजे एक जण नियमाने वाचला आणि डोटेलने चौथा घेतला. त्या बुलपेनमधले शेवटचे तिघे, लिज, डोटेल आणि वॅगनर, एकाच संघात होते यावर आज विश्वास बसत नाही. त्यांतला वॅगनर २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

२००४ च्या हंगामाआधी वॅगनर फिलाडेल्फियाला गेला आणि डोटेल क्लोजर झाला. जूनमध्ये तीन संघांचा सौदा झाला. कार्लोस बेल्ट्रान कॅन्सस सिटीहून ह्यूस्टनला आला, डोटेल ह्यूस्टनहून ओकलंडला गेला, ओकलंडचे मार्क टीहेन आणि आणखी एक जण कॅन्सस सिटीला. हे टीहेन नाव ध्यानात ठेवा. त्या वर्षी डोटेलचे सेव्ह झाले ३६, कारकिर्दीत सगळ्यांत जास्त. सरासरी? ३.६९. दोन वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट वाईट. पण सेव्हच्या मापाने हाच त्याचा सोन्याचा हंगाम.

२००५ मध्ये कोपराचा स्नायुबंध गेला. टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली. शरीरातल्या दुसऱ्या ठिकाणचा कंडरा काढून कोपरात बसवतात. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन याच पिचरवर ती प्रथम केली, म्हणून ते नाव. हात पुन्हा वळणावर यायला वर्ष-सव्वा वर्ष जातं. यांकीजनी त्याला जखमी असतानाच घेतलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तो उतरला, १४ सामन्यांत जेमतेम दहा इनिंग टाकल्या आणि सरासरी १०.८०. डोटेल तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. इथे कारकीर्द संपली असती तरी कुणी आश्चर्य केलं नसतं.

ती संपली नाही, याला त्याच्या हाताइतकीच एक जुनी कोर्टकज्जाची गोष्ट कारणीभूत आहे. पूर्वी संघाने खेळाडूला एकदा घेतलं की जन्माची मालकी. १९६९ मध्ये सेंट लुई कार्डिनल्सनी कर्ट फ्लड या आपल्या आउटफील्डरला न विचारता फिलाडेल्फियाला दिलं. मी विकायची वस्तू नाही, म्हणून फ्लड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. त्याची कारकीर्द त्यात गेली. पण १९७५ च्या अखेरीस पीटर साइट्झ या लवादाने दुसऱ्या दोन पिचरांच्या प्रकरणात मालकांच्या विरुद्ध निकाल दिला आणि दार उघडलं. त्यानंतरची तडजोड अशी, की मेजर लीगमधली सहा वर्षं होईपर्यंत संघ म्हणेल तिकडे जायचं, नंतर करार संपला की खेळाडू मोकळा.

डोटेलचे तेरा संघ या चौकटीत घालून पाहा. मेट्स, यांकीज, कॅन्सस सिटी, शिकागो व्हाइट सॉक्स, पिट्सबर्ग, टोरांटो, डेट्रॉइट या सात ठिकाणी तो स्वतः सही करून गेला. ह्यूस्टन, ओकलंड, अटलांटा, लॉस एंजेलिस डॉजर्स, कोलोरॅडो आणि सेंट लुई, या सहा ठिकाणी त्याला पाठवण्यात आलं. निम्मी भटकंती त्याची, निम्मी मालकांची. ह्यूस्टनमधले साडेचार हंगाम आणि शिकागोतले दोन सोडले तर बिऱ्हाड कुठेच नीट थाटलं नाही. त्याचं कारणही साधं आहे. तळाला गेलेला संघ हिवाळ्यात अशा अनुभवी पिचरला एका वर्षासाठी घेतो. जुलै संपता संपता वर असलेल्या संघाला बुलपेनमध्ये माणूस हवा असतो. मग तळाचा संघ त्यांना हा पिचर देतो आणि बदल्यात दोन तरुण पोरं मिळवतो. पिट्सबर्गने २०१० मध्ये नेमकं हेच केलं. डोटेलने तिथे २१ सेव्ह मिळवले होते, त्यांनी ३१ जुलैला त्याला लॉस एंजेलिसला दिलं. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसने कोलोरॅडोला. एका हंगामात तीन गावं.  

आता २०११ वर जरा थांबतो, कारण मला सगळ्यांत जास्त तेच सांगायचं होतं.

२७ जुलैला एक लांबलचक सौदा झाला. शिकागोने एडविन जॅक्सन हा पिचर टोरांटोला दिला, त्याच्याबरोबर आपले ते मार्क टीहेनही. टोरांटोने त्याच दिवशी जॅक्सन, तेव्हा त्यांच्याकडे असलेला डोटेल आणि डावखुरा मार्क झेपचिन्स्की यांना सेंट लुईला धाडलं. सेंट लुईचे मॅनेजर टोनी ला रुसा हे बुलपेन हलवण्यात पटाईत. एका बॅटरसाठी एक पिचर, पुढच्यासाठी दुसरा. उतारवयात डोटेल डावखुऱ्या बॅटरसमोर चाचपडायचा, पण उजव्या हाताचे बॅटर अजून त्याच्या फास्टबॉलला सापडत नसत. ला रुसांनी त्याला तेवढ्यापुरताच वापरला. मिलवॉकीविरुद्धच्या मालिकेत रायन ब्रॉन आला की डोटेल आलाच समजा.

वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, टेक्सस रेंजर्सविरुद्ध. २४ ऑक्टोबर, आर्लिंग्टन, पाचवा सामना. आठवी इनिंग, २-२ बरोबरी. डोटेलने मायकल यंगला डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, दिला. तो याचा दोष. मग एड्रियन बेल्ट्रेला स्ट्राइकआउट केलं. नेल्सन क्रूझला मॅनेजरच्या सांगण्यावरून मुद्दाम पहिल्या बेसवर जाऊ दिलं. पुढचा बॅटर डावखुरा, म्हणून ला रुसांनी चेंडू काढून घेतला आणि डावखुऱ्या झेपचिन्स्कीला दिला. डावखुऱ्या मर्फीचा फटका झेपचिन्स्कीच्या अंगावर आदळून बाजूला गेला, बेस भरले. आता समोर माइक नापोली, उजव्या हाताचा. त्याच्यासाठी ला रुसांना जेसन मॉट हवा होता. पण मॉट तयारच नव्हता. ला रुसांनी फोनवर त्याचं नाव घेतलं होतं, स्टेडियमच्या गदारोळात बुलपेन प्रशिक्षकाला ते ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा फोन केला तर तिकडे मॉटऐवजी लिन ऐकू आलं आणि लान्स लिन तयार होऊ लागला, ज्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची होती! नाइलाजाने झेपचिन्स्कीलाच नापोलीसमोर ठेवावं लागलं. नापोलीने डबल मारला, यंग आणि क्रूझ धावत आले, रेंजर्स ४-२ ने जिंकले.

पराभूत पिचर म्हणून कुणाचं नाव लागलं? डोटेलचं. दोन्ही धावा त्याच्याच खात्यावर, कारण ती दोन माणसं त्याच्या हातून बेसवर गेली होती. तो डगआउटमध्ये बसलेला होता. फोन त्याने केला नव्हता, घेतलाही नव्हता. बारा वर्षांपूर्वी आघाडी घालवून विजय मिळालेल्या माणसाला आता डगआउटमध्ये बसल्या जागी पराभव मिळाला. सहाव्या सामन्यात सेंट लुई दोनदा शेवटच्या स्ट्राइकपर्यंत आलं आणि वाचलं, सातवा जिंकलं, आणि डोटेलला जगज्जेतेपदाची अंगठी मिळाली. कर्ट फ्लडला विकणाऱ्या त्याच संघाकडून.

उरलेलं चटकन सांगतो. ७ एप्रिल २०१२ रोजी डेट्रॉइटकडून उतरून त्याने माइक मॉर्गन वगैरेंचा १२ संघांचा विक्रम मोडला. त्या वर्षी पुन्हा वर्ल्ड सिरीज, पण सॅन फ्रान्सिस्कोने सलग चार सामन्यांत उडवलं. २०१३ च्या मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक जिंकणाऱ्या डोमिनिकन संघात तो होता. तो संघ आठपैकी आठ सामने जिंकला. एप्रिलमध्ये कोपराने दगा दिला, २०१४ मध्ये निवृत्ती. विक्रम गेला तो एडविन जॅक्सनकडे, त्याच २०११ च्या सौद्यातल्या सहप्रवाशाकडे, २०१९ मध्ये चौदाव्या संघाने. अलीकडे, २०२५ मध्ये, रिच हिलने जॅक्सनची बरोबरी केली.

८ एप्रिल २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर सांतो दोमिंगोतल्या जेट सेट या नाइटक्लबचं छत कार्यक्रम चालू असताना कोसळलं. गायक रूबी पेरेझ गाणं म्हणत होता, तो गेला. दोनशेहून अधिक माणसं गेली. डोटेलला ढिगाऱ्यातून काढलं, पण तो वाचला नाही. वय ५१. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत बहुतेक ठिकाणी तेरा संघ होते, काही ठिकाणी २०११ ची अंगठी होती. २००२ चा १.८५ मला शोधावा लागला.

माझी एक विनंती आहे. ऑक्टोबरच्या अखेरीला वर्ल्ड सिरीजचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात आणि आठवी इनिंग येईतो आठ वाजतात, म्हणजे तुमचा दुसरा चहा. बाकीचा सामना नाही पाहिलात तरी चालेल, तेवढी इनिंग लावा. बुलपेनमधून धावत येणाऱ्या पिचरचं नाव टिपून घ्या, बेसवर कोण उभे आहेत ते आधी मोजा, आणि विजय-पराभव कुणाच्या नावावर लागला ते सामना संपल्यावरच बघा.